विरी गेलेलं पीठ

परवा आई भाकरी थापता थापता म्हणाली, ‘काय करस वं तू तठे दिनभर?’ जळगावच्या एका लॅबमध्ये मी बायोप्सीच्या काचा रंगवते, एवढंच तिला माहीत. परातीत जुनं पीठ होतं, भाकरी कडेने फाटत होती. मी म्हटलं, हेच बघते. पेशींची विरी, म्हणजे एकमेकींना धरून राहायचा चिकटपणा, आहे की गेली.

पेशीला पेशी धरून ठेवणाऱ्या प्रोटीनचं नाव ई-कॅडहेरिन. कॅल्शियम असेल तरच ते घट्ट धरतं, म्हणून मासातोशी ताकेइची या जपानी शास्त्रज्ञाने त्याच्या नावातच कॅल्शियम घातलं. स्तनाच्या लोब्युलर नावाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा हे प्रोटीन नाहीसं होतं आणि पेशी मुंग्यांसारख्या एकामागे एक रांगेत सुटतात. डक्टल या दुसऱ्या प्रकारात ते सहसा टिकतं. ते शोधायला आम्ही उंदराच्या पेशींपासून केलेली, नेमकी त्याच प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी वापरतो. प्रोटीन असेल तिथे पेशीच्या कडेला तपकिरी रेघ उमटते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी.

गोम अशी, की लोब्युलरमध्ये न रंगणं हेच उत्तर असतं. आणि अँटिबॉडी मेली असली तरी काच कोरीच येते! म्हणून आधी गाठीकडे बघायचंच नाही. त्याच काचेवरची निरोगी दुधाची नळी शोधायची. ती तपकिरी असेल, तरच गाठीच्या कोरेपणाला अर्थ.

मे महिन्यातली गोष्ट. बाहेर पंचेचाळीस अंश, लाइट दोनदा गेलेली. काचा बघून रिपोर्ट देणाऱ्या आमच्या मॅडमनी मायक्रोस्कोपमधून मान वर केली नि विचारलं, ‘नळ्यासुद्धा कोऱ्या कशा?’ माझ्या पोटात गोळा. अँटिबॉडी दोन ते आठ अंशांत ठेवायची असते, त्यामुळे संशय थेट फ्रिजवर. बाटली महाग, आत औषध थेंबाथेंबाने मोजावं एवढंसं. मी तिच्यावर लाल पेनने ‘वापरू नये’ लिहून टाकलं. पण त्याच दिवशीची ईआरची, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर या दुसऱ्या प्रोटीनची, काचही फिकी होती. दोन्ही बाटल्या एकदम मेल्या? फ्रिजनेच दगा दिला असेल तर तसंही होईल म्हणा.

दुसऱ्या दिवशी, दोन्ही काचा ज्यातून जातात त्या कुकरपाशी उभी राहिले. हो, साधा प्रेशर कुकर. गाठीचा तुकडा टिकवायला फॉर्मलिनमध्ये ठेवतात, त्यात प्रोटीनं एकमेकांत अडकून बसतात. पीएच ९ च्या द्रावणात दाबाखाली उकळल्याशिवाय अँटिबॉडीला तिची जागा सापडत नाही. शिट्टी काही होईना. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत होती. रिंग काढून बघितली तर पार कडक, एका बाजूला चिरलेली. वरण शिजलं नसतं त्यात, प्रोटीन काय सुटणार!

फुले मार्केटातून नवी रिंग आणली. कुकर लावला, काचा पुन्हा केल्या, अँटिबॉडी त्याच बाटलीतली. या वेळी काचा वाळू नयेत म्हणून ज्यात ठेवतो त्या ओल्या डब्यातलं पाणीही दोनदा बघितलं, कारण या उन्हाळ्यात काच वाळली की कडा उगाच तपकिरी होतात आणि फसवतात. मॅडमनी काच सरकवली. नळी पोळ्यासारखी रंगलेली, तिच्या शेजारून रांगेने गेलेल्या पेशी निळ्या, कोऱ्या.

‘लोब्युलर,’ मॅडम म्हणाल्या आणि रिपोर्ट लिहायला घेतला. मी कापसाला स्पिरिट लावून बाटलीवरची लाल अक्षरं पुसली.