पोळा फुटला की...

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात वर्षाला दोनच मोठी गॅदरिंगं. एक शाळेचं, जानेवारीतलं, ज्यात मी तीन वर्षं लागोपाठ झाड झालो होतो (डायलॉग नाही, फक्त उभं राहायचं), आणि दुसरं पोळ्याचं. पहिल्यातलं काही आठवत नाही. दुसऱ्यातलं सगळं आठवतं.

पोळा श्रावणी अमावस्येला, पण आमच्या घरी तो आदल्या संध्याकाळीच सुरू व्हायचा, खांदशेकणीला. बैल नदीवरून धुऊन आणले की आई वाटीत तूप-हळद द्यायची आणि आमचे सालदारकाका (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे) पळसाच्या पानाने ते कोमट तूप बैलांच्या खांद्याला चोळायचे. जिथे जू बसतं ना तिथली कातडी वर्षभर घासून घासून चामड्याच्या चपलेसारखी होते, तिथे. चोळता चोळता म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." खैऱ्या डोळे मिटून उभा राहायचा. चांद्याला गुदगुल्या व्हायच्या बहुतेक, तो शेपटीने वाटीच उडवायचा.

जोडी गवळाऊ जातीची, पांढरी, पायाने चपळ. बंडीला जुंपली की पळायचीच. नांगर, वखर, तिफन, डवरा सगळं त्यांच्याच खांद्यावर, आणि वरून कापूस. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, 1972 पासूनची, म्हणजे कापूस सरकारी केंद्रावरच न्यायचा, आणि तिथे बंड्यांची एवढी लाईन की कधी कधी दोन दोन रात्री तिथेच काढाव्या लागायच्या. काका बंडीखाली झोपायचे आणि बैल बाजूला बांधलेले. मी एकदा हट्टाने सोबत गेलो होतो, रात्री थंडीने जागा झालो तर खैऱ्याचा गरम श्वास काकांच्या पायाला लागत होता नि ते मजेत घोरत होते.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून आमची नुसती धांदल. शिंगांना हिंगूळ, वर बेगड, कपाळाला बाशिंग, नवीन वेसण, नवीन कासरा, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. काकांनाही त्या दिवशी नवे कपडे मिळायचे, आणि ते घालायच्या आधी ते बैलांची झूल तीनदा नीट करायचे. संध्याकाळी मारुतीच्या पाराजवळ आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असायचं, मागे सगळ्या जोड्या रांगेत, मानाच्या जोडीवर मखर, आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, सुरू. "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" दोन बाजूचे लोक एकमेकांना झडत्यांनी असे टोमणे मारायचे की आज तसं कोणी स्टेटसला टाकलं तर भांडण होईल. मग तोरण तुटायचं, पोळा फुटायचा आणि घंटांचा तो आवाज!

एक वर्षी कासरा आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, हातात होता, मालक म्हणून, आणि फटाके वाजल्यावर खैऱ्या जागचा हलेच ना. आबाजी ओढतायत, लोक हसतायत. काकांनी गर्दीतून जिभेने नुसता टक् टक् आवाज केला आणि बैल निघाला. मालक कोण हे सगळ्या गावाला कळलं :) आबाजी घरी येऊन पुरणपोळीवर रागावले, गोड कमी आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आम्हा पोट्ट्यांचा. चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढत आणायचे, मंडळ बक्षीस द्यायचं, कंपासपेटी वगैरे, आणि नंतर घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. माझा बैल गावच्या सुताराने केलेला, सागाचा, एक कान तुटका. आबाजींनी बाजारात बैलाचं वय ओळखायला बघतात तसा त्याचा जबडा हाताने धरून बघितला आणि सिरीयस चेहऱ्याने विचारलं, "काऊन बे, किती दाती हाय?" त्याच सकाळी दारातले पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, उचलून गावाबाहेर टाकत आम्ही बोंबलायचो, "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" नागपूरची मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या तिच्या पुतळ्याची मिरवणूक, फार नंतर बघितली, तिची गर्दी मोठी, पण आमच्या बोंबलण्याला तोड नव्हती.

मागच्या वर्षी, 22 ऑगस्टला, बऱ्याच वर्षांनी पोळ्याला गेलो. गुरांच्या लम्पी रोगाच्या काळात तर पोळा घरच्या घरीच करा असं सांगणं होतं, त्यामुळे मध्ये खंडच पडला होता. तोरणामागे सात जोड्या होत्या. चार ट्रॅक्टर होते, हार घातलेले, स्पीकर लावलेले. तान्ह्या पोळ्याला मात्र लाकडी बैल मोजता येईनात, एक तर दारातून आत जाईना एवढा मोठा.

काकाही आले होते. आता त्यांच्याकडे बैल नाहीत, आमच्याकडेही नाहीत. खांद्यावर जुना कासरा टाकलेला, कशाला आणला ते विचारलं नाही मी. एकेका जोडीपाशी थांबत होते. शिंगं, मखर, रंगबिंग काही बघत नव्हते, झूल जरा वर उचलून मानेमागे हात फिरवायचे आणि पुढे जायचे. पाचव्या का सहाव्या जोडीपाशी हात तिथेच राहिला. जोडी धरलेल्या पोराला हाक मारली.

"खांदा शेकला नाई रे याचा कोनी. तूप हाय का घरी?"