होडीसाठी गाडीला हूक

जुलै उजाडला की आमच्या गावात सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती झालं?" सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यासारखे पाठ असतात. आम्ही भिलवडीच्या खालच्या अंगाला, अगदी काठावरच्या गावात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा सासूबाई शेजारच्यांच्या गच्चीवर दोन कुटुंबांच्या लेकरांना घेऊन रात्रभर बसून होत्या. होडी होती, पण पलीकडच्या गावात. बाराजणांनी ती उचलून उसाच्या ट्रॉलीत घातली, दोरखंडानं आवळली आणि आणली. उतरवताना एका बाजूनं आपटली आणि तळाचा फायबर तडकला. त्याच आठवड्यात, ८ तारखेला, ब्रह्मनाळला होडी उलटली. तेव्हापासून आमच्या भागात होडीचा विषय कुणी वरवर काढत नाही.

२०२१ ला पुन्हा पाणी आलं. मग गावातल्या मंडळानं वर्गणी काढून चौदा फुटी फायबरची होडी, जॅकेटं आणि मागं लावायचं छोटं इंजिन घेतलं. राहिला प्रश्न तिला पाण्यापर्यंत न्यायचा. पुरात नदी घाटावर थांबत नाही. आज काठ शाळेच्या मागं असतो, उद्या मारुतीच्या देवळापाशी, परवा तिसऱ्याच गल्लीत. होडी त्या काठाच्या मागं फिरली पाहिजे. ट्रॅक्टर आहेत, पण नेमक्या त्या दोन दिवसांत एकही ट्रॅक्टर मोकळा नसतो. जनावरं, धान्याची पोती, म्हातारी माणसं, सगळं त्यांच्यावरच चाललेलं असतं. म्हणून होडीचा वेगळा ट्रेलर घ्यायचा आणि तो आमच्या घरच्या सात आसनी गाडीनं ओढायचा, असं ठरलं. आमचं घर उंचवट्यावर, रस्त्याला लागून, आणि गाडी डिझेलची, चेसीवाली. गाडीला मागं ट्रेलर अडकवायचा हूक निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते आणि ह्यांना कागद वाचायचा कंटाळा आहे.

सुरुवात चुकलीच. मी आधी हूक बघायला गेले. एका फॅब्रिकेशनच्या दुकानात मिस्त्रींना गाडी दाखवली. ते खाली न वाकताच म्हणाले, "वैनी, त्यात काय हाय? बंपरलाच अँगल मारतो की. ट्रॅक्टरसारखी पिन घालूया, अर्ध्या तासाचं काम."

"बंपर निघून आला तर हो दादा?"

"न्हाय निघत. चार टाके जास्त मारतो."

मी गाडी तशीच घरी आणली. रात्री टॉर्च घेऊन आम्ही दोघं गाडीखाली आडवे झालो. मागचा बंपर म्हणजे प्लास्टिकचं कव्हर आणि आत चार लहान बोल्टांवर टांगलेला पातळ पत्रा. त्याला होडी बांधणं म्हणजे सदऱ्याच्या गुंडीला बादली टांगणं. ओढ घ्यायची ती चेसीनं. स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर, जुनी इनोव्हा यांना खाली दोन लांब लोखंडी पट्ट्यांची शिडीसारखी चेसी असते. क्रेटा, हॅरियर, हायक्रॉस यांना ती वेगळी नसते, सगळा सांगाडा एकच. अशा गाड्यांनाही हूक बसतो, पण तो नेमक्या त्या मॉडेलसाठी बनवलेलाच हवा. कारण जोर कुठल्या बिंदूंवर द्यायचा हे बाहेरून ओळखू येत नाही.

पिनेचा हूकही मी नको म्हटलं. पिन आणि भोक यांच्यात सैलपणा असतो. ट्रॅक्टर रानात आणि कारखान्याच्या वाटेवर हळू चालतो, तिथं ते खपतं. गाडी ४०-५० नं चालली की प्रत्येक ब्रेकला मागून हिसका बसतो आणि तो हिसका बोल्ट खातो. गोल बॉल आणि त्यावर बसणारी वाटी असेल तर वळणावर, चढ-उतारावर ट्रेलर सगळ्या बाजूंनी फिरतो आणि सैलपणा राहत नाही.

मग कागदांकडे वळले. मोटार वाहन कायद्यातली 'मोटार वाहना'ची व्याख्या वाचली तर तिच्यात ट्रेलरही येतो. म्हणजे ट्रेलर ही गाडीची शेपटी नव्हे, ते वेगळं वाहन आहे आणि त्याची वेगळी नोंदणी लागते. शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागंही दिसला पाहिजे. आमच्या एमएच १० ची दुसरी पाटी त्यासाठीच करून घेतली. ७५० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे ट्रेलर टी-१ या सर्वांत लहान वर्गात येतात. आम्ही त्याच वर्गातला, मंजुरीचे कागद असलेला ट्रेलर घेतला, गावात जोडून घेतला नाही. कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, म्हणून चेसी कापायची नाही की तिला वेल्डिंग करायचं नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं. गाडीच्या पुढं लावतात त्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं. तेही मनात होतं. मागं कायम बाहेर आलेलं लोखंड मला नकोच होतं, कारण शाळेच्या दारात पोरं गाडीच्या मागूनच पळतात आणि तो बॉल बरोबर त्यांच्या गुडघ्याला लागेल. विमा कंपनीला हूक बसवत असल्याचं लेखी कळवलं आणि गाडीच्या कंपनीकडून ओढायची मर्यादा लेखी मागवली. उत्तर यायला तीन आठवडे लागले. स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर असेल तर ७५० किलोपर्यंत.

आता वजन. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो मला पुरेपूर कामी आला. ट्रेलरवर होडी, इंजिन, जॅकेटं, दोर, सगळं पुरासारखंच भरलं आणि ट्रॅक्टरनं हळू ओढत वजनकाट्यावर नेलं. भरलं ४६० किलो. ७५० च्या बरंच खाली, म्हणून ह्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण एकूण वजनाइतकंच महत्त्वाचं असतं ते ट्रेलरच्या नाकावरचं वजन, म्हणजे बॉलवर खाली किती भार पडतो ते. तो एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के तरी हवा. कमी असेल तर मागचं टोक जड होतं आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. फार जास्त असेल तर गाडीचं बूड बसतं आणि पुढच्या चाकांवरचा दाब कमी होऊन स्टिअरिंग हलकं पडतं. हे मोजायला हळदीच्या व्यापाऱ्याकडून पोती तोलायचा काटा आणला. ट्रेलर आडवा, सपाट ठेवून त्याचं नाक लाकडी ठोकळ्यावर आणि ठोकळा काट्यावर.

काटा १४ किलोवर थांबला.

तीन टक्के! कारण सोपं होतं. ३५ किलोचं इंजिन होडीच्या अगदी मागच्या फळीवर, चाकांच्या दोन मीटर मागं लटकत होतं. वर्गात मी तरफ शिकवते ती हीच. इंजिन काढून गाडीत ठेवलं तर काटा ३७ झाला. मग होडी ज्या खांबाला टेकते तो खांब बोल्ट सोडून अर्धा फूट पुढं घेतला, म्हणजे सगळी होडीच पुढं सरकली. काटा ४९. वजन आता ४२५, म्हणजे साडेअकरा टक्के. एक रुपया खर्च झाला नाही. हे न मोजता कितीही महाग हूक घेतला असता तरी ट्रेलर रस्त्यावर नाचलाच असता.

वजन कळल्यावर हुकाची निवड सोपी झाली. चांगल्या हुकावर दोन आकडे ठोकलेले असतात. एक एस, म्हणजे बॉलवर सरळ खाली किती किलो चालतील. आम्हाला ४९ लागत होते, घेतला तो ७५ चा. दुसरा डी, म्हणजे ओढ आणि हिसका सोसायची ताकद, किलोन्यूटनमध्ये. गाडीचं आणि ट्रेलरचं कमाल वजन टनात घेऊन त्यांचा गुणाकार करायचा, त्याला त्यांच्या बेरजेनं भागायचं आणि ९.८१ नं गुणायचं. आमची गाडी भरून अडीच टन, ट्रेलर पाऊण टन. उत्तर ५.६६. हुकाचा डी याच्या वर असला पाहिजे. ज्या हुकावर असा शिक्का नव्हता, तो विकणारा कितीही शपथा घालत असला तरी मी सोडून दिला. होडीत माणसं बसणार आहेत, तिथं शपथ काय कामाची?

शेवटी दोन उरले, दोन्ही चौकोनी नळीचे. नळी चेसीला कायमची बोल्टांनी बसते आणि बॉलचा दांडा तिच्यात सरकवून आडवी पिन घालायची. काम झालं की दांडा काढून घरात. दोन्हींपैकी स्वस्त हूक मी जवळजवळ घेतलाच होता, तेवढ्यात मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "स्टेपनी कशी काढणार गं?" आमची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली, साखळीला टांगलेली. स्वस्त हुकाची आडवी नळी बरोबर तिच्या वाटेत दोन इंच येत होती. भर पावसात, मागं होडी लावलेली असताना पंक्चर झालं असतं तर आधी हूक खोलावा लागला असता. मामांचे माझ्यावर हे कायमचे उपकार आहेत. दुसऱ्याची नळी वर चढवलेली होती. तोच घेतला.

बसवायला मिरजेच्या एका गॅरेजात दिला. चेसीतली मूळची भोकं, प्रत्येक बाजूला तीन, १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे बोल्ट आणि पाना टॉर्कचा, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणारा. मी समोर उभी राहून सहाही बोल्ट मोजून घेतले. पन्नास-साठ किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळायला या, असं त्यांनीच सांगितलं आणि गेलो तेव्हा दोन बोल्ट खरंच थोडे फिरले.

बॉल मात्र मी ऑनलाइन मागवला आणि फसले. ट्रेलरची वाटी ५० मिलिमीटरची, आलेला बॉल दोन इंची, म्हणजे ५०.८. पाऊण मिलिमीटरनं काय होतंय, असं वाटतं. वाटीची कडी मिटेना. ह्यांनी हातोडीनं एक ठोका दिला आणि मिटली, तेव्हा मी ओरडलेच. ठोकून मिटलेली कडी रात्री पाण्यात उभं राहून उघडणार कोण? बॉल बदलून घेतला. उंचीही पाहावी लागली. रिकाम्या गाडीला बॉलचा मध्य जमिनीपासून ४४० मिलिमीटर, पण मागं चार माणसं आणि इंजिन ठेवलं की ४०५. ट्रेलर सपाट राहतो तो ४०० च्या आसपास. ही मोजणी भरलेल्या गाडीवरच करायची, कारण पुरात ती कधी रिकामी नसणार.

वायरिंगला मी इलेक्ट्रिशियनशी दोनदा वाद घातला. त्याला मागच्या दिव्याच्या वायरी सोलून पिळ मारायचा होता. मी बॅटरीपासून वेगळी वायर, फ्यूज आणि रिले घालून सात पिनांचं सॉकेट करून घेतलं. ट्रेलरची अर्थिंग, म्हणजे करंट परत यायची वाट, तीही वेगळ्या वायरनं आणली. बॉलवर ग्रीस असतं, त्यातून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहिलं की दिवे लुकलुकतात. होडीच्या ट्रेलरचे दिवे पाण्यात जातात, म्हणून उतारावर नेण्याआधी प्लग काढायचा हा नियम घरात लिहून लावला आहे. आणि दोन साखळ्या, दांड्याच्या खालून एकमेकींना ओलांडून. वाटी सुटलीच तर ट्रेलरचं नाक रस्त्यात न रुतता त्या फुलीवर झेललं जातं.

पहिली चाचणी तासगाव रस्त्यावर, रविवारी पहाटे. कवलापूर गेल्यावर ह्यांनी ५० केला. मी मागं वळून बघत होते. होडी सरळ रेषेत येत होती. मग मुद्दाम इंजिन परत होडीच्या मागं टांगून तेच अंतर ४० नं गेलो. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. काही क्षणांत ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागला. ठरल्याप्रमाणे ह्यांनी ब्रेकला हात लावला नाही, फक्त ॲक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग सरळ धरलं. थांबल्यावर दोघंही बराच वेळ बोललो नाही. इंजिन तिथंच काढून गाडीत घेतलं.

मागं घेणं शिकायला मात्र महिना लागला. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात सरकवायचा. हे कळलं तरी अंगात मुरायला हरिपूरच्या मोकळ्या जागेत सहा-सात सकाळी गेल्या. आता मलाही येतं. दोघांपैकी एकजण कायम गावात असतो.

दर जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही सराव करतो. घरातून दांडा काढायचा, पिन, बॉलवर वाटी, कडी, साखळ्या, प्लग, आणि होडी पाण्यात. पहिल्या वर्षी ४१ मिनिटं लागली, यंदा १९. मामा खुर्ची टाकून ट्रेलरच्या मागं बसतात, धाकटी त्यांच्या मांडीला टेकून उभी असते. मी गाडीत बसून एकेक दिवा लावते आणि ती ओरडून सांगते, "डावा लागला! उजवा लागला! आई, ब्रेक दाब... हां, लागला!"