पाय रात्री सव्वादोनला का घसरतो

शनिवार

परळच्या खोलीत पोटमाळ्यावर माझा रास्पबेरी पाय ४ हा चिमुकला कॉम्प्युटर बसलाय. घरचे फोटो, जाहिराती अडवणारं पायहोल आणि आईच्या भजनांचा सर्व्हर, सगळं त्याच्याच अंगावर. पाऊस सुरू झाल्यापासून हा गडी रात्री कधीतरी आपोआप रीस्टार्ट होतोय. झोपताना अपटाइम (सलग चालू असल्याचा वेळ) नऊ दिवस, सकाळी बघतो तर पाच तास.

चाळीत अशा वेळी संशयित ठरलेला असतो. खालचे वायरमनकाका म्हणाले, "मीटरबॉक्समध्ये ओल आलीय रे, लाइट लपकझपक करणारच." मीही मान डोलावली. तरी म्हटलं, लॉग, म्हणजे मशीनने स्वतःच लिहिलेल्या नोंदी, बघू.

(कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय. एका अक्षराआधी एक डॅश, अख्ख्या शब्दाआधी दोन. वेगळं सांगितलं नसेल तर कमांडमधली सगळी अक्षरं छोटी. बूट म्हणजे मशीन एकदा चालू झाल्यापासून बंद पडेपर्यंतचा काळ.)

नोंदी दाखवणारी कमांड जर्नलसीटीएल. तिला डॅश बी दिलं की चालू बूटच्या नोंदी, त्यापुढे वजा एक दिलं की आधीच्या बूटच्या. मला उत्तर मिळालं, असा बूटच नाही. चूक माझीच. एसडी कार्ड झिजू नये म्हणून मी कधीकाळी जर्नल, म्हणजे या नोंदींची वही, रॅममध्ये ठेवलं होतं, रन फोल्डरमधल्या लॉग-जर्नलमध्ये. रीस्टार्ट झाला की पाटी कोरी. म्हणजे मशीन पडण्याआधी काय झालं हेच नेमकं पुसलं जात होतं.

नोंदी लिहिणारा प्रोग्रॅम जर्नलडी. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्टोरेज पर्सिस्टंट (कायमचं) केलं, जर्नलडी रीस्टार्ट केला आणि एकदा डबल डॅश फ्लश चालवलं. आता नोंदी कार्डावरच्या व्हार फोल्डरमधल्या लॉग-जर्नलमध्ये जातात. कार्डाची काळजी होतीच, म्हणून सिस्टममॅक्सयूज, म्हणजे जर्नलच्या जागेची मर्यादा, २०० एमबी ठेवलं. काही न सांगता सोडलं तर जर्नल फाइलसिस्टमच्या १० टक्क्यांपर्यंत फुगतं, कमाल ४ जीबी. किती जागा खाल्ली ते डबल डॅश डिस्क-यूसेज सांगतं.

आता पडण्याची वाट बघणे. आपलंच मशीन कधी पडतंय याची आतुरतेने वाट बघायचा हा छंद घरच्यांना समजावणं अवघड आहे.

गुरुवार

तीन वेळा पडला. मज्जा.

डबल डॅश लिस्ट-बूट्सने सगळे बूट ओळीने दाखवले, पण वेळा विचित्र. नव्या बूटच्या पहिल्या ओळींवरची वेळ जुन्या बूटच्या शेवटच्या ओळींच्याही आधीची! कारण साधं आहे. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. चालू होताना तो डिस्कवर शेवटी लिहून ठेवलेली वेळ उचलतो आणि नेटवरून खरी वेळ मिळाली की उडी मारतो. त्यामुळे रीस्टार्टच्या आसपास डबल डॅश सिन्स (या वेळेपासून) आणि डबल डॅश अंटिल (या वेळेपर्यंत) यांवर भरवसा ठेवला नाही. एरवी ही जोडी मला फार आवडते, 'यस्टरडे' किंवा 'वन अवर अगो' असं बोलल्यासारखं लिहिलं तरी समजते. पण इथे डॅश बीच बरा.

या घड्याळातूनच पहिला धागा हाती लागला. डॅश ओ शॉर्ट-मोनोटॉनिक लावलं की घड्याळाऐवजी बूटपासूनचे सेकंद दिसतात. त्याला डॅश यू सिस्टमडी-टाइमसिंकडी जोडलं, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्याच नोंदी. वेळ जुळल्याची ओळ चोविसाव्या सेकंदाला! आमचा राउटर बंद करून चालू केला तर नेट यायला दोन मिनिटं लागतात, मनगटावरचं घड्याळ लावून मोजलंय. खोलीची लाइट गेली असती तर राउटरही गेला असता. म्हणजे राउटर जागा होता, पाय एकटाच पडला. काकांची ओल सुटली.

मग कर्नलकडे, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याकडे; डॅश के त्याच्याच नोंदी दाखवतो. डॅश के दिलं, काही नाही. दोनदा बघितलं तेव्हा लक्षात आलं, नुसता डॅश के फक्त चालू बूटचंच दाखवतो. मागचं हवं तर सोबत डॅश बी वजा एक सांगावं लागतं. तेही दिलं, आणि डॅश जी ने 'व्होल्टेज' शोधलं. ओळी आल्या, सगळ्या एकच सांगणाऱ्या: व्होल्टेज नॉर्मलाइज्ड. बरं वाटलं, सगळं ठीक! पण काही बिघडल्याशिवाय 'नॉर्मलाइज्ड' कोण म्हणेल? मी शब्दातला व्ही मोठा टाकला होता. डॅश जी ची सवय अशी की पॅटर्न सगळा छोट्या अक्षरांत असेल तरच तो लहानमोठं बघत नाही. एक जरी मोठं अक्षर आलं की काटेकोर होतो. 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड'मधला व्ही छोटा, म्हणून तो गाळला गेला आणि मला फक्त दिलाशाच्या ओळी मिळाल्या. छोट्या व्हीने शोधल्यावर खरा प्रकार दिसला: व्होल्टेज कमी पडत होतं.

पुढचं काम डॅश पी क्रिट (क्रिटिकल, म्हणजे अतिगंभीर). प्राधान्याच्या आठ पायऱ्या, शून्य इमर्जन्सीपासून सात डीबगपर्यंत, आणि डॅश पी दिलेली पायरी व तिच्याहून गंभीर सगळं दाखवतो. तीनपैकी दोन बूटचा शेवट अंडरव्होल्टेजवर झालेला. तिसरा मात्र गप्प, शेवटची ओळ बाकी दोघांपेक्षा चारेक मिनिटं आधीची. यावर बराच वेळ घालवला. जर्नलडी साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करायला पाच मिनिटांपर्यंत थांबतो, क्रिट किंवा त्याहून गंभीर काही आलं तरच लगेच पक्कं करतो. तिसऱ्या वेळी ती ओळ लिहायलाही सवड मिळाली नसावी, आणि न लिहिलेलं सगळं सोबत गेलं. तेव्हा अचानक पडलेल्या मशीनची शेवटची ओळ ही शेवटची घटना समजू नका.

उरलं कारण. डॅश टी क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम; इथे क्रॉन सगळा मोठ्या अक्षरांत) दिल्यावर दोन्ही बोलक्या बूटमध्ये २ वाजून १५ मिनिटांनी माझीच बॅकअप स्क्रिप्ट. ती पोर्टेबल हार्डडिस्क जागी करते, आणि डिस्कला वेगळी वीज नाही. पायच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर. वर पायला हवेत ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर, आणि मी लावलाय जुन्या मोबाइलचा २ अँपिअरचा चार्जर, पोटमाळ्यापर्यंत पोचावी म्हणून लांबलचक केबल. सुमारे ४.६३ व्होल्टखाली गेला की पाय बोंब मारतो. पावसाचा संबंध एवढाच की पावसाळा लागला म्हणून मीच बॅकअप रोज केला होता. आधी आठवड्यातून एकदा चालायचा, तेव्हा पडला असेल तरी लक्षात आलं नसेल.

रविवार

लॅमिंग्टन रोडवरून ३ अँपिअरचा अॅडॉप्टर आणि स्वतःची वीज घेणारा यूएसबी हब आणला. जर्नलसीटीएल डॅश एफ, डॅश पी वॉर्निंग लावून बॅकअप हाताने सुरू केला. डॅश एफ आधीच्या दहा ओळी दाखवून पुढचं थेट सांगत राहतो. काका दारात उभे, बाहेर धो धो. चाळीस मिनिटांत ४१ जीबी गेलं, स्क्रीनवर एक ओळ नवी नाही.

"काहीच येत नाहीये की," काका म्हणाले.

"तेच तर हवंय."

"आणि मीटरबॉक्स?"

तो उद्या दोघं मिळून उघडतोय.