सातभाई सहाच होते

दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षिगणनेत मी गेली पाच वर्षे भाग घेत आहे, आणि पहिल्या वर्षी पाठवलेली यादी पुन्हा वाचताना मला अजूनही संकोच वाटतो. एका लहानशा बागेत अर्ध्या तासात १४ साळुंक्या, ९ शिंजीर आणि ७ सातभाई, असे त्या यादीत लिहिलेले आहे. पक्षी ओळखण्यात माझी फारशी चूक झाली नव्हती. चुकले होते ते मोजणे, आणि मोजण्यात काही अवघड असेल असे तोवर माझ्या मनातही आले नव्हते.

साळुंक्यांचे असे झाले की दोन पक्षी गवतावर उतरत, कुंपणापलीकडे जात, थोड्या वेळाने पुन्हा दोन येत, आणि मी दर वेळी वहीत दोन रेघा ओढत असे. सात फेऱ्यांच्या चौदा साळुंक्या झाल्या. बागेत बहुधा एकच जोडी होती. ब्रिटनमध्ये आरएसपीबी ही संस्था १९७९ पासून बागेतील पक्ष्यांची जी गणना घेते, तिच्या नियमात यावर नेमका उपाय आहे. तासाभरात एखाद्या जातीचे जास्तीत जास्त जितके पक्षी एकाच वेळी दिसले, तेवढाच आकडा लिहायचा, आणि बागेत न उतरता वरून उडून गेलेले पक्षी सोडून द्यायचे. यात खरी संख्या कमी भरण्याची शक्यता राहते हे मान्य. परंतु सगळेच जण एकाच रीतीने कमी मोजत असतील, तर यंदाच्या आकड्याची वीस वर्षांपूर्वीच्या आकड्याशी तुलना करता येते. जास्त मोजणारा मात्र आपापल्या उत्साहाच्या प्रमाणात चुकतो, आणि उत्साहाची दुरुस्ती कोणत्याही गणिताने होत नाही. मी ज्या गणनेत भाग घेते तिचे नियम थोडे सैल आहेत. तिथे किमान १५ मिनिटे बसले तरी पुरते, वरून उडणारे आणि केवळ आवाजावरून ओळखलेले पक्षीही चालतात. तोच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये ही अपेक्षा मात्र तिथेही आहेच.

शिंजिरांच्या बाबतीत एकाच वेळी दिसण्याची वाट पाहणे फारसे उपयोगाचे नाही, कारण ते एका फुलावर क्षणभरही ठरत नाहीत. पण त्यांच्या पिसाऱ्याची मदत होते. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा हंगाम नसताना जवळजवळ मादीसारखा फिकट पिवळसर दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टी उरते. हंगाम जवळ आला की त्याच्या अंगावर निळ्या-जांभळ्या चमकेची ठिगळे उमटू लागतात. गणनेच्या दिवसांत एखादा नर पुरता झळाळणारा, तर दुसरा अर्धवट ठिगळांचा, असे दोघे सहज वेगळे सांगता येतात. या रीतीने पाहू लागल्यावर माझ्या नऊ शिंजिरांचे तीन झाले.

पहिल्या वर्षी मी आणखी एक गोष्ट केली होती, जी मला मोजण्यातल्या चुकीपेक्षाही गंभीर वाटते: पारवे मला आवडत नाहीत म्हणून मी ते लिहिलेच नव्हते. या गणनेच्या नोंदी पक्षिनिरीक्षणांच्या ज्या ईबर्ड या संकेतस्थळावर जातात, तिथे यादी पाठवण्यापूर्वी एक प्रश्न येतो की ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवले आहेत का. मी बेधडक ‘होय’ म्हटले होते. त्या ‘होय’चा अर्थ असा होतो की यादीत नसलेला पक्षी त्या वेळी तिथे आढळला नाही असे धरले जाते, म्हणजे पारवे खांबावर घुमत असताना मी त्यांच्या नावावर शून्य मांडले होते. नेहमीच्या पक्ष्यांना असे गाळण्यातला तोटा ब्रिटनमधल्या ग्रीनफिंचच्या उदाहरणावरून कळतो. हा तिथल्या बागांमधला अगदी सामान्य पक्षी; ट्रायकोमोनोसिस या रोगाने २००५ नंतर त्याची संख्या झपाट्याने घसरली, आणि ती घसरण घरोघरच्या नोंदींत दिसली, कारण लोक त्याला सामान्य समजूनही इमानाने मोजत आले होते.

तिसऱ्या वर्षी मी ४० चष्मेवाले, म्हणजे डोळ्याभोवती पांढरे कडे असलेले चिमुकले पक्षी, लिहिले. नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाचे अतिशय सौम्य शब्दांत पत्र आले की हा आकडा या जागेच्या मानाने मोठा वाटतो, तर तो कसा मोजला हे कळवाल का. मी मोजला नव्हता. पानांमध्ये हलणाऱ्या हिरव्या-पिवळ्या गर्दीकडे पाहून मला चाळीस वाटले होते. पुढच्या वेळी मी दहा पक्षी नीट मोजले, त्यांनी झाडाचा किती भाग व्यापला आहे ते पाहिले आणि तसे किती भाग भरतात याचा अंदाज घेतला. पंचवीसच्या आसपास आकडा आला.

राहिले सातभाई. या पक्ष्याच्या नावानेच मला फसवले होते. झुडपाखाली पाला उलथताना चाललेला त्यांचा कलकलाट ऐकला आणि मी न मोजताच ७ लिहून टाकले. वास्तविक त्यांच्या थव्यात कधी पाच असतात, कधी दहाही असतात. झुडपात त्यांना मोजणे व्यर्थ असते, परंतु मोकळी जागा ओलांडताना ते एकामागून एक, खाली झेपावत जातात, आणि तेवढ्या वेळात आकडा बिनचूक मिळतो. त्यासाठी यंदा मी बावीस मिनिटे दोन झुडपांमधल्या वाटेवर नजर ठेवून बसले होते. अखेर पहिला निघाला, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि सहावा पलीकडच्या फांदीवर टेकल्यावरही मी काही वेळ रिकाम्या वाटेकडे पाहत राहिले. सातवा आला नाही. मी ६ लिहिले आणि यादी पाठवून दिली.