प्रस्तावाआधी बदल अर्ज

आज सांगलीत जत-आटपाडीकडच्या नव्या संस्थांच्या फायली पाहिल्या. कामं खणखणीत, पण परिशिष्ट 1 वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीवर, राजीनामा दिलेले विश्वस्त अजून तसेच! बदल झाल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जायला हवा. निधी देणारे ठरावावरच्या सह्या परिशिष्टाशी ताडून बघतात. नावं जुळली नाहीत की प्रस्ताव तिथेच अडकतो.

मग आयकराच्या नोंदण्या: 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत). कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी (सीएसआर) निधीसाठी सीएसआर-1 ही नोंदणी हवीच, शिवाय 3 वर्षांच्या कामाचा पुरावा. 80जी देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे 31 मेपर्यंत. उशीर झाला तर रोज 200 रुपये. छोट्या संस्थेला हे फार जड जातं हो.

प्रस्ताव लिहायला सगळे शिकवतात, सभेचं इतिवृत्त लिहायला कुणीच नाही. विषय, सूचक, अनुमोदक, उपस्थितांच्या सह्या. एक दुपार पुरते. शनिवारी तेवढंच घेऊ, आपापली इतिवृत्ताची वही आणा.