कार्ड नाही, विमा नाही. तरी सिव्हिलला जा

नाशिकच्या सातपूरला एका बांधकामावर पेठ तालुक्यातलं जोडपं पत्र्याच्या खोलीत राहतं, दहा महिन्यांची लेक सोबत. नवऱ्याचा खोकला तीन आठवडे हटत नव्हता. विमा नाही, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नाही, रेशनकार्ड गावाकडे. खासगी लॅबचा आकडा ऐकून दोघं हात हलवत परत आली. शेवटी मी तिघांनाही घेऊन त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयात गेले.

सातपूरहून त्र्यंबक रोडने सरळ यायचं. बाहेरगावच्या लोकांना ठक्कर बाजार स्टँडवरून चालत येता येतं. ओपीडी सकाळची, त्यामुळे लवकर पोचा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. महापालिकेचे दवाखाने त्या निर्णयात येत नाहीत, पण टीबीची व एचआयव्हीची तपासणी आणि मुलांच्या लसी तिथेही मोफतच, कारण ते राष्ट्रीय कार्यक्रम आहेत. "फुले योजनेचं कार्ड आहे का?" असं कुणी विचारलं तर घाबरून मागे फिरू नका. सरकारी आरोग्य योजनेचं ते कार्ड दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असतं, थुंकी तपासायला किंवा लस घ्यायला ते लागत नाही. हे न कळल्यामुळे माणसं दारातून परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

थुंकीसाठी झाकणाची बाटली मिळते. नुसती लाळ चालत नाही, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. एक नमुना लगेच आणि दुसरा सकाळी उठल्या-उठल्या. निकाल टीबीचा आला. गोळ्या सुरू झाल्या, किमान सहा महिन्यांच्या, फुकट. शिवाय पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, म्हणून बँक पासबुक जवळ ठेवा.

टीबी निघाला की एचआयव्हीची तपासणीही करून घ्यायला सांगतात. आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्राच्या समुपदेशक ताईंनी मला बाहेर बसायला सांगून दार लावून घेतलं. अगदी योग्य केलं. संमतीशिवाय तपासणी करायची नाही आणि निकाल इतर कुणाला सांगायचा नाही, असा २०१७ चा कायदाच आहे. त्याचा निकाल मी विचारला नाही, तुम्हीही सोबत गेलात तर विचारू नका. ज्यांना फक्त ही तपासणी करायची आहे, ते थेट आयसीटीसीत जाऊ शकतात. धोका अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणीही सरकारी कार्यक्रमातून मोफत होते, ती मात्र स्वतः विचारावी लागते.

लेकीचं लसीचं कार्ड गावीच राहिलेलं. सिस्टरांनी डाव्या दंडावरचा बीसीजीचा (जन्मानंतर देतात त्या टीबीच्या लसीचा) व्रण बोटाने चाचपून पाहिला आणि आईला विचारलं, "मांडीत सुई किती वेळा दिली गं?" एकदाच, दीड महिन्याची असताना. पेंटाचे (पाच आजारांवरच्या एकत्र लसीचे) दोन डोस राहिले होते, गोवर-रुबेलाही. सुरुवातीपासून पुन्हा घ्यावं लागत नाही, राहिलेलेच डोस चार-चार आठवड्यांनी पूर्ण करतात. त्या दिवशी पेंटा आणि गोवर-रुबेला दोन्ही दिल्या. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. रात्री ताप येतो, त्याचं औषध मागून घ्या.

घरात टीबीचा रुग्ण असेल तर पाच वर्षांखालच्या मुलाला आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधाची औषधं देतात. म्हणून खोकला एकालाच असला तरी घरची सगळी माणसं न्या. लेक सोबत नसती तर तिचं राहूनच गेलं असतं.

मोठ्या माणसांना सगळ्या लसी फुकट मिळत नाहीत. गरोदर बाईला धनुर्वाताची मिळते, कुत्रं चावलं तर रेबीजचीही मिळते. चावलं असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी जा.

एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७, टीबीसाठी १८००-११-६६६६. द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडे कामाला जाणार असाल, तर निघण्याआधी टीबीच्या खिडकीवर सांगा. नोंद निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) असते, ती तिकडच्या आरोग्य केंद्राकडे वळवून देतात आणि गोळ्यांत खंड पडत नाही.