उधाणाच्या ओहोटीचा दिवस

चाचणीसाठी उधाणाची ओहोटी, म्हणजे पाणी सगळ्यात खाली जातं ती, आम्ही मुद्दाम निवडली होती. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक बंदर. ट्रेलर थेट बोटीत जावेत म्हणून बांधलेला रॅम्प, आणि त्याचा उतार मी काढलेला. पाणी तळाला गेलं, रॅम्पचं तोंड खाली झुकत गेलं आणि तिसरा लांब ट्रेलर धक्क्याच्या कडेवर पोट टेकून अडकला. पुढची चाकं उतारावर, मागची धक्क्यावर. इजा कुणालाच झाली नाही, पण लोखंड खरवडल्याचा तो आवाज अजून कानात आहे. मी दाभोळच्या खाडीकाठचा. उधाणाची मोठी आणि भांगाची लहान भरती-ओहोटी मला पुस्तकात वाचावी लागली नव्हती, म्हणून जास्तच लागलं.

ट्रेलर सुटेपर्यंत दुपार झाली. आमचे ज्येष्ठ सहकारी एवढंच म्हणाले, "बर्न्टआयलंडला जाऊन ये. बाउच नावाच्या इंजिनियरनं हे १८५० मध्ये सोडवलंय."

तशीच गाडी पकडली. एडिंबरा आणि फाइफ यांच्यामध्ये फर्थ ऑफ फोर्थची खाडी आडवी येते. अलीकडे ग्रँटन, पलीकडे बर्न्टआयलंड, मध्ये आठेक किलोमीटर पाणी. रूळ दोन्ही काठांपर्यंत आले होते, पण मालगाडीची प्रत्येक वाघीण, म्हणजे मालडबा, इकडे रिकामी करायची, माल बोटीत भरायचा आणि पलीकडे पुन्हा वाघिणीत. मग 'लेव्हायथन' आली. आराखडा थॉमस ग्रेंजरचा, बांधणी रॉबर्ट नेपियरच्या गोदीतली. डेकवर रूळ टाकलेली वाफेची बोट. भरल्या वाघिणी तशाच आत जायच्या. प्रवासी मात्र वेगळ्या बोटीनं जात.

पण बोट हा सोपा भाग होता. इथं उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं, आणि वाघिणीला रुळातली मोड, म्हणजे उताराचा अचानक बदल, ट्रेलरहूनही कमी चालते. थॉमस बाउच तेव्हा तिशीही न गाठलेला. त्यानं उतार भरती-ओहोटीच्या हाती दिलाच नाही. पाण्यात उतरणारा धक्का एकाच पक्क्या उताराचा ठेवला. त्यावर चाकांचा मोठा सांगाडा, जो काठावरच्या वाफेच्या यंत्रानं पाण्याच्या पातळीप्रमाणे वरखाली सरकवायचा. सांगाड्याच्या टोकाला बिजागरीचे तुळईपूल, तेवढेच बोटीवर टेकायचे. हलायचं ते शेवटचं टोक.

बर्न्टआयलंडच्या बंदराकाठी उभा राहून हे कळलं तेव्हा माझी चूक समोर आली. सगळी मोड मी एकाच सांध्यावर टाकली होती.

बाउचचं नाव आज घेतात ते २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात कोसळलेल्या, त्यानंच आखलेल्या टे नदीवरच्या रेल्वेपुलामुळे. त्या रात्री गाडीतली माणसं गेली, आणि त्या दोषातून त्याला सोडवता येत नाही. पण सांगाड्याचं श्रेयही त्याचंच, आणि ते त्याला कुणी देत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. चाळीस वर्षं त्या वाटेनं वाघिणी पार झाल्या. १८९० मध्ये फोर्थचा पूल झाला आणि तिचं काम संपलं. परतताना माझी गाडी त्याच पुलावरून आली.

पुढच्या चाचणीला रॅम्प दोन तुकड्यांचा होता, मधे बिजागरी. पुन्हा उधाणाची ओहोटी, तेवढाच लांब ट्रेलर. मी धक्क्यावर गुडघे टेकून खालून पाहत होतो. पोटाखाली वीतभर फट राहिली.